वाहणारा कान : जीवाणूंचे विष आणि शरीराचे प्रत्युत्तर

अंकगणिताचा तास चालू आहे. गुरुजी फळ्याकडे तोंड करून उदाहरण सांगतात, "साठ भागिले चार किती?" शेवटच्या रांगेतील मुलगा पाटीवर 'दोन' लिहितो. वर्ग हसतो, गुरुजी रागावतात आणि मुलगा खाली मान घालतो. परंतु त्या मुलाचे उत्तर चुकलेले नसते. त्याला 'साठ' ऐकूच आलेले नसते. त्याने ऐकलेले असते 'आठ'. 'स' हा वर्ण उच्चारताना फार थोडा ध्वनी निर्माण होतो. कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठलेला असला की असे क्षीण वर्ण प्रथम गळतात आणि स्वर तेवढे पोहोचतात. आठाला चाराने भागले तर उत्तर दोनच येते. मुलाला भागाकार येत होता, ही गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही.

हे उदाहरण कल्पनेतील असले, तरी अशी मुले कोणत्याही शाळेत आढळू शकतात. 'कान फुटला', 'कान वाहतो', 'सर्दीने दडा बसला' असे म्हणून ज्या आजाराकडे घरोघरी दुर्लक्ष केले जाते, त्याला वैद्यकशास्त्रात मध्यकर्णदाह असे नाव आहे. हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले असून त्यांत कर्णशूल, कर्णस्राव व पूतिकर्ण यांचा समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अहवालानुसार, ज्यांचा कान दीर्घकाळ वाहतो अशा माणसांची जगातील संख्या साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी इतकी असावी, आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांची श्रवणशक्ती कमी झालेली असते.

हा दाह निर्माण तरी कसा होतो? जीवाणू नेमके काय करतात, शरीर त्यांना कसे उत्तर देते, आणि औषधाने जीवाणू मेल्यानंतरही कान लगेच बरा का होत नाही? या प्रश्नांची जी उत्तरे गेल्या काही दशकांत मिळाली आहेत, त्यांचा परिचय शिक्षक, पंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांना करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे. रोगाची रीत एकदा कळली की काय करावे व काय करू नये, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

एक बंदिस्त खोली

कानाचे तीन भाग असतात. बाहेरच्या भागातून ध्वनिलहरी आत शिरतात आणि कर्णपटलावर, म्हणजे कानाच्या पडद्यावर, आदळतात. पडद्यामागील पोकळी म्हणजे मध्यकर्ण. या पोकळीत हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन चिमुकली हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. पडद्याची कंपने ती पुढे अंतर्कर्णाकडे पोहोचवितात. तेथे गोगलगायीच्या शंखासारख्या आकाराच्या नाजूक अवयवात कंपनांचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत होते.

मध्यकर्णाची पोकळी चहाच्या चमच्यातही मावेल इतकी लहान असते. हाडांची साखळी मोकळेपणाने हलावी यासाठी या पोकळीत हवा असणे आवश्यक असते. ही हवा एका अरुंद नळीवाटे नाकाच्या मागील बाजूने, घशाच्या वरच्या भागातून येते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ यूस्टाकी यांच्या नावावरून तिला यूस्टेशियन नलिका म्हणतात. आपण आवंढा गिळतो तेव्हा ती क्षणभर उघडते व आतील हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. नलिकेच्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म केस असतात. शेतातील पीक वाऱ्याने एका दिशेने लवावे तसे ते सतत घशाच्या दिशेने हलत राहतात आणि श्लेष्मा, धूळ व जीवाणू बाहेर लोटतात.

प्रौढ माणसाची ही नलिका सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब व उतरती असते. तान्ह्या मुलात तिची लांबी त्याच्या जवळपास निम्मी असते आणि ती बरीचशी आडवी असते. त्यामुळे घशातील जंतूंना कानापर्यंतचा मार्ग सोपा होतो. हा आजार पहिल्या काही वर्षांतच अधिक का होतो, याचे एक मोठे कारण या रचनेत आहे.

सर्दी झाली की नाकाचे व नलिकेचे अस्तर सुजते, सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते आणि नलिका बंद पडते. पोकळीतील हवा आसपासच्या ऊतींत शोषली जाते, दाब घटतो आणि घशातील स्राव आत ओढला जातो. त्या स्रावाबरोबर जीवाणूही आत येतात. खोलीचे दार बंद आणि चोर आत, अशी स्थिती होते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि पुढचे काम जीवाणू करतात, हा या आजाराचा नेहमीचा क्रम आहे.

तीन नेहमीचे पाहुणे

तीव्र मध्यकर्णदाहात प्रामुख्याने तीन जीवाणू सापडतात : न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझी आणि मोराक्सेला कॅटरालिस. निरोगी बालकांच्या नाकाघशातही ते अनेकदा वस्तीला असतात व तेथे काही उपद्रव देत नाहीत. जागा बदलली की त्यांचे वर्तन उपद्रवी ठरते.

न्यूमोकोकसचा शोध १८८१ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागला : फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांना आणि अमेरिकेत लष्करी डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांना. हिमोफिलसचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड फायफर यांनी १८९२ साली केले. इन्फ्लुएंझाची साथ याच जीवाणूमुळे येते असा त्यांचा समज होता. तो पुढे चुकीचा ठरला, तरी नाव मात्र कायम राहिले. फायफर यांची दुसरी एक कल्पना मात्र टिकून राहिली. काही जीवाणूंचे विष ते जिवंतपणी बाहेर टाकीत नाहीत. ते त्यांच्या शरीराचाच भाग असते आणि जीवाणू मेल्यावरही प्रभावी राहते, असे त्यांना दिसून आले. या विषाला त्यांनी अंतर्विष असे नाव दिले. मध्यकर्णदाहाचे कोडे सुटण्यास ही कल्पना फार उपयोगी पडली आहे.

भोके पाडणारे विष

न्यूमोकोकसचे प्रमुख विष न्यूमोलायसिन या नावाने ओळखले जाते. हे एक प्रथिन आहे. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ असतो. न्यूमोलायसिनचे रेणू त्याला चिकटतात, मग तीस ते पन्नास रेणू एकमेकांशेजारी कडे करून उभे राहतात आणि सर्व मिळून आवरणात एक गोल भोक पाडतात. या भोकाचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस दशलक्षांश इतकाच असतो. परंतु पेशीच्या मानाने ते मोठे भगदाडच होय. त्यातून क्षार व पाणी आत-बाहेर वाहू लागते आणि पेशी मरते. विषाची मात्रा थोडी असली तर पेशी मरत नाही, पण तिचे काम बिघडते. नलिकेतील सूक्ष्म केसांची लय मंदावते आणि जी व्यवस्था घाण बाहेर काढणार, तीच बंद पडते.

येथे एक विलक्षण गोष्ट आहे. न्यूमोलायसिन जीवाणूच्या पोटात तयार होते. परंतु ते बाहेर सोडण्यासाठी इतर अनेक विषांना असते तशी व्यवस्था त्याला नाही. ते बाहेर पडते मुख्यतः जीवाणू फुटल्यावर. या जीवाणूजवळ स्वतःचीच भिंत विरघळविणारे एक विकर असते. वाढ खुंटली किंवा पेनिसिलिनसारखे औषध लागू पडले की ते विकर कामाला लागते, जीवाणू फुटतो आणि आतील विष मोकळे होते. म्हणजे जीवाणूचा मृत्यू हा या विषाच्या प्रवासाचा शेवट नसून आरंभ असतो.

हिमोफिलसची रीत वेगळी आहे. त्याच्या बाह्य आवरणात स्निग्ध पदार्थ व शर्करा यांचा संयोग असलेले रेणू असतात. हेच त्याचे अंतर्विष. ते पेशीत भोक पाडीत नाही, तिची भिंत फोडीत नाही. ते केवळ तेथे असते. आणि त्याच्या असण्यानेच शरीर खवळून उठते.

पहारेकरी आणि दवंडी

शरीराला शत्रू ओळखता येतो कसा, या प्रश्नाचे उत्तर बराच काळ अपुरे होते. १९९६ साली फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांनी फळमाशीवरील प्रयोगांत 'टोल' नावाच्या जनुकाशिवाय माशी बुरशीपासून आपला बचाव करू शकत नाही, असे दाखविले. १९९८ साली अमेरिकेतील ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांत तशाच एका ग्राहकाचा शोध लावला. अंतर्विष ओळखणारा हाच तो पहारेकरी होता. या शोधांबद्दल २०११ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात दोघांना वाटा मिळाला.

असे अनेक ग्राहक आज ज्ञात आहेत. मध्यकर्णाच्या अस्तरातील पेशींवरही ते असतात. एक अंतर्विष ओळखतो, दुसरा जीवाणूंच्या आवरणातील प्रथिने ओळखतो, आणखी एखादा त्यांच्या भिंतीचे तुकडे ओळखतो. ग्राहकाला खूण पटली की संदेश पेशीच्या आत जातो आणि एनएफ-कप्पा-बी या नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रात शिरते. रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली या प्रथिनाचा शोध लावला. केंद्रात शिरलेले हे प्रथिन अनेक जनुकांना एकाच वेळी जागे करते. परिणामी पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडू लागते. गावात वणवा दिसला की पहारेकरी दवंडी पिटवितो, तसाच हा प्रकार होय.

या दवंडीचे निरनिराळे अर्थ असतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरल्यूकिन-१ या प्रथिनांमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात व पाझरू लागतात. ताप येण्यासही त्यांचा हातभार लागतो. इंटरल्यूकिन-८ श्वेतपेशींना रक्तातून मध्यकर्णाकडे बोलावते. रक्तातील पूरक प्रथिने जीवाणूंवर चिकटून त्यांना गिळणे सोपे करतात. न्यूमोलायसिन तर ही पूरक प्रथिने जीवाणूपासून दूर, भलत्याच ठिकाणी खर्च करावयास लावते, असे आढळले आहे. शत्रूने एका वेशीवर गलका करावा आणि दुसऱ्या वेशीतून आत शिरावे, तशी ही युक्ती आहे.

पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे सांगितली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. मूल रात्री कान धरून रडते तेव्हा ही चारही लक्षणे एका चमचाभर पोकळीत एकवटलेली असतात. रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे पडदा लाल होतो. पाझरलेला द्रव व श्वेतपेशी यांचा पू होतो. पुवाला वाट नसल्याने पडदा बाहेर फुगतो व असह्य ठणका लागतो. अखेरीस पडद्याला छिद्र पडते, पू बाहेर येतो आणि वेदना एकाएकी थांबते. आईला हायसे वाटते. परंतु वेदना थांबली म्हणजे आजार थांबला असे नव्हे.

शत्रू गेला, तरी लढाई चालू

काही आठवड्यांनंतरचे चित्र पाहू. ताप नाही, ठणका नाही, मूल खेळते आहे. पण पडद्यामागे द्रव तसाच आहे. हा द्रव पुष्कळदा डिंकासारखा चिकट होतो. सायटोकाइनांचा संदेश मिळाल्यावर अस्तरातील पेशी श्लेष्मा बनविणारी जनुके अधिक जोमाने चालवू लागतात, श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींची संख्या वाढते आणि द्रव दाट होतो. सूक्ष्म केस आधीच दुबळे झालेले असल्याने तो बाहेर लोटला जात नाही. अमेरिकेतील बॉस्टन येथे झालेल्या व १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रसिद्ध पाहणीत, तीव्र मध्यकर्णदाह होऊन गेलेल्या मुलांपैकी ४० टक्के मुलांच्या कानात एक महिन्यानंतर, २० टक्के मुलांच्या कानात दोन महिन्यांनंतर आणि १० टक्के मुलांच्या कानात तीन महिन्यांनंतरही द्रव शिल्लक होता.

असा द्रव काढून प्रयोगशाळेत त्यातून जीवाणू वाढविण्याचा प्रयत्न केला, तर अनेकदा काहीच वाढत नाही. म्हणून हा द्रव निर्जंतुक आहे, असे पूर्वी मानीत. पुढे तशाच द्रवात अंतर्विष आढळू लागले. मेलेल्या जीवाणूंचे अवशेष मागे राहतात आणि पहारेकरी पेशींना जिवंत व मृत यांतील फरक सहज कळत नाही. खूण तीच, म्हणून दवंडीही तीच. चिंचिला या प्राण्याच्या मध्यकर्णात मारलेले जीवाणू किंवा नुसते अंतर्विष घातले तरी दाह निर्माण होतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

याशिवाय एक दुसरेही कारण २००६ साली पुढे आले. दीर्घकाळ कानाचा त्रास असलेल्या मुलांच्या मध्यकर्णाचे अस्तर अमेरिकेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यावर जीवाणूंचे थर आढळले. तळ्याच्या पायरीवर शेवाळ जमावे तसे जीवाणू आपल्याच चिकट स्रावात गुरफटून राहतात. तेथे त्यांची वाढ मंद असते, श्वेतपेशी त्यांना गिळू शकत नाहीत, प्रतिजैविके त्यांच्यावर पुरेसा प्रभाव पाडू शकत नाहीत, आणि नेहमीच्या तपासणीत ते सापडतही नाहीत.

मग दाहच दडपून टाकावा, असे कोणाला वाटेल. ते इतके सोपे नाही. ज्या उंदरांत अंतर्विष ओळखणारे ग्राहक किंवा त्यांचे संदेश पुढे नेणारी प्रथिने नव्हती, त्या उंदरांच्या कानातून जीवाणू लवकर हटले नाहीत. त्यांचा आजार उलट लांबला. दवंडी पिटलीच नाही तर गाव जळते, आणि दवंडी थांबलीच नाही तर गावाची झोप व कामधंदा दोन्ही बुडतात. निरोगी शरीरात इंटरल्यूकिन-१० सारखी, शांततेचा संदेश देणारी प्रथिनेही असतात. ती योग्य वेळी कामाला आली की दाह ओसरतो. बहुसंख्य मुले यामुळेच बरी होतात. काही मुलांत हा समतोल साधत नाही, आणि त्यांच्याकडेच आपले लक्ष हवे.

पडद्यापलीकडील हानी

पडद्यामागे द्रव साठल्याने सरासरी २० ते ३० डेसिबल इतकी श्रवणहानी होते. ही हानी मूल बहिरे वाटावे इतकी मोठी नसते; म्हणूनच ती फसवी असते. समोर बसवून मोठ्याने विचारले तर मूल उत्तर देते. पाठीमागून, दुरून किंवा गोंगाटात बोललेले मात्र त्याला अर्धवट कळते. भाषा शिकण्याच्या वयात महिनोन्महिने अर्धवट शब्द कानी पडले, तर शब्दसंग्रह, उच्चार व वाचन या सर्वांवर परिणाम होण्याचा धोका असतो.

पडद्याचे छिद्र न भरता कान दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहत राहिला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे तो दीर्घकालीन पूमय मध्यकर्णदाह होय. या अवस्थेत बहुधा सुडोमोनास व स्टॅफिलोकोकस हे चिवट जीवाणू ठाण मांडतात. स्टॅफिलोकोकसही पेशींना छिद्रे पाडणारे विष तयार करतो, तर सुडोमोनास ऊती विरघळविणारी विकरे सोडतो. दाहाने हातोडी, ऐरण व रिकीब झिजू शकतात. मध्यकर्ण व अंतर्कर्ण यांच्यामध्ये एक पातळ पडदा असलेली गोल खिडकी असते. जीवाणूंची विषे व दाहक प्रथिने तिच्यातून झिरपून आतील ध्वनिग्राही पेशींना इजा करू शकतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध झाले आहे. या पेशी माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. पू कानामागील हाडात पसरला किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला, तर जीवही धोक्यात येतो.

लसीची मर्यादा व महत्त्व

न्यूमोकोकसचे बाह्य आवरण शर्करेचे असते आणि त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. आजच्या लसी त्यांपैकी निवडक प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतात. फिनलंडमध्ये सात प्रकारांच्या लसीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. लसीत समाविष्ट असलेल्या प्रकारांमुळे होणारा मध्यकर्णदाह ५७ टक्क्यांनी घटला. परंतु सर्व कारणांचा मिळून मध्यकर्णदाह केवळ ६ टक्क्यांनीच घटला. इतर प्रकार व इतर जीवाणू शिल्लक राहतात, हे त्यामागील कारण आहे. पंचगुणी लसीतील हिमोफिलसविरुद्धचा घटकही त्या जीवाणूच्या 'ब' प्रकारापुरता असतो. कानात बहुधा सापडणारा हिमोफिलस आवरणहीन असल्याने त्या घटकाला तो जुमानत नाही. न्यूमोलायसिन मात्र न्यूमोकोकसच्या जवळजवळ सर्व प्रकारांत असते. म्हणून या विषालाच निष्प्रभ करणारी लस तयार करण्याचे प्रयत्न संशोधक करीत आहेत.

मर्यादा असली तरी न्यूमोकोकसची लस बालकांना न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून संरक्षण देते, हे तिचे मोठे कार्य आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ साली देशभर पोहोचली. सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत तिच्या मात्रा दिल्या जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या दहा प्रकारांच्या लसीला २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली, ही महाराष्ट्राला भूषणावह बाब होय.

गावपातळीवर काय करता येईल

वरील विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी आपोआप निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे वाहत्या कानात तेल, लसणाचे तेल, दूध किंवा कोणताही झाडपाला घालू नये. पडद्याला छिद्र असेल तर हे पदार्थ थेट मध्यकर्णात जातात आणि आधीच खवळलेल्या अस्तराला आणखी एक निमित्त मिळते. काडेपेटीची काडी, केसातील पिन यांनी कान कोरणे हेही तितकेच घातक आहे. दुकानातून मिळेल ते थेंबाचे औषध घालू नये. काही औषधे फुटक्या पडद्यातून आत गेल्यास श्रवणपेशींना अपायकारक ठरतात.

दुसरी गोष्ट, वाहणारा कान कोरडा ठेवणे हा उपचाराचा पाया आहे. स्वच्छ, शोषक सुती कापडाची वात करून ती अलगद कानात ठेवावी, भिजली की काढून नवी ठेवावी व कान कोरडा होईपर्यंत असे करावे. दिवसातून किमान तीन वेळा हे केले पाहिजे. आशा कार्यकर्तीने आईला ही कृती प्रत्यक्ष करून दाखवावी. कान वाहत असेपर्यंत विहिरीत, नदीत किंवा तळ्यात पोहणे बंद ठेवावे.

तिसरी गोष्ट, औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावे. तसेच औषध संपल्यावरही महिना-दोन महिन्यांनी कान पुन्हा तपासून घ्यावा. जीवाणू मेल्यानंतरही विष व द्रव मागे राहतात, हे आपण पाहिलेच आहे. कान दोन आठवड्यांहून अधिक वाहत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे पाठवावे. कानामागे दुखरी सूज, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, चक्कर किंवा चेहरा वाकडा होणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

चौथी गोष्ट प्रतिबंधाची. बाळाला पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे. बाटलीने आडवे निजवून दूध पाजू नये. घरातील विडी-सिगारेटचा धूर आणि कोंदट स्वयंपाकघरातील चुलीचा धूर नलिकेतील सूक्ष्म केसांचे काम बिघडवितो. धूर कमी करण्याच्या योजनांचा विचार करताना पंचायतींनी बालकांच्या कानांचाही विचार करावा.

पाचवी गोष्ट शिक्षकांसाठी. ज्या मुलाचा कान वाहतो, जे तोंड उघडे टाकून श्वास घेते, वारंवार 'काय?' विचारते, श्रुतलेखनात ठराविक वर्ण गाळते किंवा सर्दीच्या दिवसांत एकाएकी मागे पडते, त्याची नोंद ठेवावी. तपासणी होईपर्यंत त्याला पुढच्या रांगेत बसवावे आणि त्याच्याकडे तोंड करून बोलावे. या उपायाला एक पैसाही खर्च येत नाही.

शासकीय व्यवस्थेचे पाठबळ यासाठी उपलब्ध आहे. श्रवणदोष प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली देशातील २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाला. त्यातील ठरविलेल्या आजारांच्या यादीत मध्यकर्णदाह व श्रवणदोष या दोहोंचा समावेश आहे. आरोग्य पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावी, अशी या कार्यक्रमाची योजना आहे. पथक येण्याच्या दिवशी संशयित मुले हजर राहतील आणि पुढील उपचारासाठी पाठविलेले मूल खरोखर रुग्णालयात पोहोचले की नाही याची विचारपूस होईल, इतके ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी पाहिले, तरी पुष्कळ काम साधेल. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन गावात यासाठी वापरता येईल.

मध्यकर्णदाहाची कहाणी जीवाणूंच्या दुष्टपणाची तेवढीच नाही. शरीराने आपल्या रक्षणासाठी उभारलेली व्यवस्था वेळेवर थांबली नाही म्हणजे काय होते, याचीही ती कहाणी आहे. ती व्यवस्था थांबावी, द्रव निचरावा, पडदा भरून यावा यासाठी मुलाला वेळ, स्वच्छता व योग्य उपचार मिळाले पाहिजेत. शेवटच्या रांगेतील त्या मुलाला पुढे बसवून एकदा पुन्हा विचारून पाहावे, "साठ भागिले चार किती?" त्याचे उत्तर 'पंधरा' आले, तर त्याच दिवशी त्याच्या पालकांना बोलावून कान तपासण्यास सांगावे. दोष त्याच्या बुद्धीत नव्हता, एवढे तरी त्यांना त्या दिवशी कळेल.